बबलूची साय

आमच्या घरी कोणी आलं की माझी मोठी जाऊ आधी त्याचं तोंड बघायची आणि मग ठरवायची, याला हळदीचं दूध, याला सुंठीचं, याला जायफळाचं. विचारायची नाही. चहा तिने जन्मात कोणाला दिला नाही. एकदा पोस्टमनला हळदीचं दूध दिलं. तो म्हणाला, "मावशी, मले तं काईच झालं नाई." ती म्हणाली, "होईन. पी."

दूध ती मंद आचेवर ठेवायची आणि हलवायची नाही. वर जाड साय धरायची. ती गाळून मागितली तर माणूस तिच्या मनातून उतरलाच. "साय गाळनारा मानूस कामाचा नाई," म्हणायची. म्हणून गाव तिला सायबाई म्हणे. मला साय आवडत नाही. चाळीस वर्षं तिची पाठ वळली की मी ती मांजरीला घातली.

माझ्या नातीला, ज्योतीला, बघायला चिखलीहून पाहुणे आले. मुलाचं बियाण्याचं दुकान, दिसायला बरा. पोरीच्या मनात तो भरला होता, हे मला दिसत होतं. मी चहा टाकला. सायबाईने तो मोरीत ओतला आणि पाहुण्यांपुढे वेलचीचं दूध ठेवलं, सायीसकट.

मुलाने ग्लासात बघितलं, मग आईकडे. आईने दोन बोटांनी साय उचलून बशीत ठेवली. "आमच्या बबलूले साय चालत नाई."

"किती वर्साचा हाय बबलू?" सायबाईने विचारलं.

"एकोणतीस."

"मंग आता साय कोन काढन? आमची पोट्टी?"

मी तिला चिमटा काढला. उशीर झाला होता. मुलाची आई उठली. "चाल रे बबलू."

ज्योतीचा चेहरा उतरला. बबलू मात्र उठला नाही. त्याने बशीतली साय तोंडात टाकली, डोळे मिटून गिळली आणि वरून कढत दूध एका दमात प्यायलं. डोळ्यांत पाणी आलं. "आई, बस ना," म्हणाला.

ज्योती पदराआड हसली.

"जमते," सायबाई म्हणाली. "पोट्टं शिकन."

सोयरीक जमली, पण लग्नाआधीच सायबाई गेली. तेरवीला विहीणबाई आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. "एवढी तोंडाळ बाई मी पायली नाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "मीबी नाई." मग दोघींनी मिळून तिला पोटभर नावं ठेवली.

पुढे लग्न झालं. मानपान नीट झाले, कोणी कोणाला टोचून बोललं नाही, कोणी रुसलं नाही. इतकं अळणी लग्न मी दुसरं बघितलं नाही.