पुढच्या भागाची सीडी

हल्ली गेमचे पुढचे भाग नेटवरून थेट घरात उतरतात. आमच्या वेळी ते सीडीवर मिळायचे आणि त्यासाठी सिंदीहून वर्ध्याला जावं लागायचं.

बाबा कापसाचे व्यापारी. कापसानं भरलेली बैलबंडी समोर आली की ते वरच्या कापसाकडे बघायचेही नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि मधला मूठभर कापूस बाहेर काढायचे. ओलावा आणि भेसळ तिथंच सापडते, असं त्यांचं म्हणणं. ही सवय घरीही सुटली नव्हती. शेंगदाण्याच्या पोत्यापासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळं ते मधूनच बघायचे. लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. आमच्याकडे आधीपासूनच फुंकायचे, आणि मी त्यांचीच मुलगी.

दादानं आणि मी मिळून घरच्या कॉम्प्युटरवर, किल्ल्यात अडकलेल्या एका तांड्याचा गेम संपवला होता. शेवटी सगळे किल्ल्यातून निसटतात, नायकाचा जुना सोबती मात्र आतच राहतो आणि दरवाजा बंद होतो. तो आपल्यासाठी मागे राहिला, असं दादाचं ठाम मत. तो पहिल्यापासून शत्रूला सामील होता, असं माझं. यावरून आम्ही जेवताना इतकं भांडायचो की आई वाढणं थांबवायची.

मग कळलं, पुढचा भाग आला आहे आणि त्यात तो दरवाजा उघडतो. दादाला कॉलेजसाठी पुण्याला जायचं होतं. एकदा गेला की तो पाहुण्यासारखा येणार, हे मला दिसत होतं आणि ते मला अजिबात सोसत नव्हतं. तो जायच्या आधी आम्हा दोघांना मिळून तो दरवाजा उघडायचा होता.

बाबांना ऐकूनच लबाडीचा वास आला. गेम पुरा होता तर हा तुकडा मागे का ठेवला, असं त्यांनी आम्हा दोघांना वर्ध्याच्या वाटेत गाडीत तीनदा विचारलं. दुकानात दुकानदारानं सीडी लावून सुरुवातीची चित्रं दाखवली. बाबा हलले नाहीत.

"वरचा कापूस कोणीई चांगलाच ठेवते," ते म्हणाले. "मधातला दाखव."

गेम असा मधून बघत नसतात, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. मग आत माल आहे की नाही हे समजायचं कसं, बाबांनी विचारलं. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यानं शेवटी स्वतः खेळून ठेवलेला शेवटचा टप्पाच उघडला. दादानं झटकन पाठ फिरवली आणि तो शोकेसकडे तोंड करून उभा राहिला. मी बाबांच्या मागे अडकले होते आणि त्यांच्या कोपराखालून मला पडदा दिसतच होता. दरवाजा उघडला. सोबती जिवंत होता, शत्रूच्या सरदाराच्या पोशाखात. बाबा समाधानानं म्हणाले, माल आहे. मला मात्र जिंकल्याचा काडीचा आनंद झाला नाही.

घरी खेळायला बसलो तेव्हा मी मनाशी ठरवलं, दादाला कळू द्यायचं नाही. पण आमच्या घरात काही लपवणं म्हणजे मांजरासमोर दूध झाकणं. मी सोबत्याला शिव्या घालेना, तेव्हा दादा माझ्याकडे तिरका बघायला लागला. म्हणून घालायला लागले, तर त्या मलाच खोट्या वाटायच्या. तो मात्र पूर्वीपेक्षा जोरात सोबत्याची बाजू घ्यायचा. पाहजो, तो आपलाच निघन, म्हणायचा. त्याचा तो भाबडेपणा बघून मला भरून यायचं.

दादाची बॅग भरून झाली त्या दुपारी आम्ही दरवाज्यापाशी पोचलो. सरदाराचा पोशाख दिसला आणि मी ठरवल्याप्रमाणे दचकले. दादा पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. ते मलाही पटलं नाही.

"मले बी माहीत होतं. शोकेसच्या काचेत दिसलं."

मला संताप आला. मग इतके दिवस त्या लबाडाची वकिली कशाला करत होतास, मी विचारलं.

"मले वाटलं, तुले दिसलं नसन," तो माऊस पुसत म्हणाला. "मी भांडलो नसतो, तर तुले शक आला असता."

मी रडायला लागले आणि मला थांबताच येईना. तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काऊन, माल खराब निघाला का?"

दादा आणि मी एकदमच म्हणालो, नाही. आणि त्या माणसानं, आयुष्यात पहिल्यांदाच, पुढे काही विचारलं नाही.