डेल्मरची पाळी

डेल्मर कॉम्ब्सला गावात कुणी वाईट म्हणत नसे. फक्त त्याच्याबरोबर वाजवायला कुणी उरलं नव्हतं.

केंटकीच्या त्या डोंगरपट्ट्यात त्याचं मॅन्डोलिन उभी हयात वाजलं. ब्लूग्रास या तिथल्या लोकसंगीताचं सोवळं त्यानं कडक पाळलं. पाच जण, वाद्यांना वायर नाही आणि मधोमध एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे सरकणार, बाकीचे खांद्याला खांदा घासत मागे. काय देखणा नाच असे तो! मग बेस वाजवणाऱ्या व्हर्जीचा खांदा गेला. माणसाएवढं लाकडी वाद्य उचलवेना, म्हणून तिनं विजेवरचा बेस आणला.

"वायर आत आली की मी बाहेर," डेल्मर म्हणाला.

"बाहेर गारठा आहे, कोट घेऊन जा," व्हर्जी म्हणाली.

तो खरंच गेला. मंडळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जमू लागली. डेल्मर दर शुक्रवारी घरी स्वयंपाकघरात एकटाच वाजवी. पण आपली पाळी संपली की पुढचा सूर उचलणार कोण? तिथं तो थांबे, आणि फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येई.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं टोपी चढवली आणि हॉल गाठला.

"आले आले, महाराज आले!" बँजोवाला हर्शेल टेबलावरच्या पातेल्याकडे हात करून ओरडला. "आधी बीन्स खाणार की आधी भांडणार?"

"आधी वाजवणार."

प्रत्येकापुढे स्वतंत्र माइक होता. त्यालाही एक दिला. गाणं रंगलं, त्याची पाळी आली, आणि अंगात मुरलेल्या सवयीनं पाय उचलले. माइक मागे टाकून तो सरळ मधोमध गेला. डोळे मिटून, जीव ओतून वाजवलं. कर्ण्यांतून बेस घुमत होता, बँजो खणखणत होता. मॅन्डोलिन कुणालाच ऐकू आलं नाही.

"डेल्मर, माइक तिकडं राहिला रे," व्हर्जी हळूच म्हणाली.

समोर दरवाजा दिसत होता. निघून जाणं सोपं. त्याचा त्याला सराव होता. तो आपल्या माइकपाशी परतला.

"पुढचं गाणं 'बी'च्या अवघड पट्टीत, म्हातारबा. झेपेल?" हर्शेलनं विचारलं.

"तू आधी तुझी तार लाव."

हशा पिकला. या वेळी पाळी आली तेव्हा तो जागचा हलला नाही. त्याचा सूर भिंतीवरच्या कर्ण्यातून आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. डावीकडे हर्शेल होता, उजवीकडे व्हर्जी. हात लांब केला तरी पोचणार नाही, इतक्या अंतरावर.