रिकाम्या खोलीचा नकाशा

कागदावरच्या माझ्या आईवर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "ही बाई नको."

पेन पुढे सरकलं. खाटेवर दिवसा झोपलेला रात्रपाळीचा माणूस. "हा पण नको." नळापाशी उभ्या बाया. "या तर नकोतच." गल्लीच्या तोंडाशी झेंडा होता, तेवढाच मी रंगवला होता. "हे निळं कशाला? उगाच राजकारण वाटतं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आडनाव काय तुझं?"

शेजारी बसलेल्या ईशानला त्यांनी आडनाव विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"अच्छा. इंग्लिश छान आहे हं तुझं. वाटत नाही."

मी "थँक यू सर" म्हणाले.

ते बिल्डर. चिंचवडला काचेचं ऑफिस. आम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. कॉलेजचा विद्यार्थ्यांचा अंक काही वर्षं बंद पडला होता, तो पुन्हा सुरू करायचं आम्ही ठरवलं होतं. विषय मी सुचवला होता. कामगारांची घरं. आमच्याकडे मुलं देवळं मोजतात, घाट मोजतात. कंपनीच्या बसमधून उतरणारी माणसं जिथे जाऊन झोपतात त्या खोल्या कोणी मोजत नाही. ईशान संपादक झाला, कारण त्याला बोलता येतं. मी नकाशे आणि पानांची मांडणी घेतली, कारण मला येत नाही.

छपाईसाठी आम्ही टाइल्सवाल्यांकडे गेलो, रंगवाल्यांकडे गेलो, सिमेंटच्या डीलरकडे गेलो. सगळे म्हणाले, मेल करा. शेवटी ईशानच्या बाबांच्या ओळखीतून हे साहेब मिळाले. एकटेच अख्ख्या अंकाचा खर्च उचलायला तयार होते. मधल्या दोन पानांवर डावीकडे माझा नकाशा, उजवीकडे त्यांच्या चऱ्होलीच्या स्कीमची जाहिरात. अट एकच. जाहिरातीसमोर ही माणसं नकोत.

तो नकाशा आमच्या गल्लीचा होता. चिखलीत, वर्कशॉपच्या मागे, पत्र्याच्या बारा खोल्या. तिसरी आमची. हे कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. शाळेतसुद्धा पत्ता विचारला की मी पुढच्या सोसायटीचं नाव सांगायची. आईने मला इंग्लिश मीडियमला घातलं होतं. तिथे मी इंग्लिश शिकले आणि लपायला शिकले.

मोजायला दोन माणसं लागतात. एकाने टेपचं टोक भिंतीला धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. टोक आईने धरलं. ती चाकणला वायरिंगच्या कंपनीत आहे, कंत्राटी. त्यासाठी तिने एक खाडा केला. सगळी गल्ली बघायला जमली. समोरच्या मावशी म्हणाल्या, "थांब गं, साडी बदलून येते."

"चितरात साडी कळतीय व्हय?" आई म्हणाली.

"न कळंना. मला तर कळंल."

नकाशात माणूस दाखवतात तो शोभेसाठी नाही. त्याच्यावरून खोली केवढी आहे ते कळतं. कॉलेजात आम्ही त्यासाठी तयार माणसं वापरतो. हातात कॉफी, सोबत कुत्रा. मी इथली माणसं मोजून घेतली. आईला दाराच्या चौकटीत उभी केली. तिची उंची मी तेव्हा पहिल्यांदा मोजली. चौकट तिच्या डोक्याला जवळजवळ लागत होती. ही बुटकी बाई त्या दारातून रोज डबा घेऊन वाकून निघते. तशीच मी ती कागदावर घेतली.

"छापून येणार म्हणं आपण," आई सगळ्यांना सांगत सुटली.

साहेबांकडून परतताना ईशान गाडीत म्हणाला, "अगं, एक लेयर ऑफ करायचाय फक्त. पर्सनली घेऊ नकोस."

अंकाचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "क्लायंटचं ऐकायची सवय आत्तापासून लावून घ्या."

दुपारी कॉम्प्युटर लॅबमध्ये मी फाइल उघडली. माणसं आणि झेंडा वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, काढलेली होती. एका क्लिकमध्ये सगळी गेली. आई गेली, मावशी गेल्या, झेंडा गेला. मला काहीच वाटलं नाही. खरंच नाही. मी पडद्याकडे बघत होते. खोली मोठी दिसायला लागली होती. पाच माणसं झोपतात ती खोली ऐसपैस दिसत होती. हवेशीर. कोणाचीच तक्रार नसलेली. माझी मापं बरोबर होती आणि नकाशा खोटा झाला होता.

पहिला अपमान साहेबांनी केला. दुसरा मी केला. मी प्रिंट काढली.

ती घरी आईच्या हाताला लागली. सेकंड शिफ्टला निघायची तिची घाई होती, तरी तिने कागद खाटेवर पसरला. सावकाश शोधलं. मग म्हणाली, "आमी कुटं हाय यात?"

"काढून टाकलं."

"कुणी?"

"मी."

"का गं?"

"जाहिरात देणाऱ्यांना नको होतं."

तिने कागदाची घडी घातली. डब्याचं झाकण लावलं. दारात वाकून बाहेर पडता पडता म्हणाली, "मंग माझा खाडा कशाला केलास?"

चिडली नव्हती. नुसतं विचारलं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा त्या ऑफिसात गेलो. साहेबांनी रिकाम्या खोल्यांचा नकाशा टेबलावर पसरला. खूश झाले. "आता कसं स्वच्छ वाटतंय. बघ, खोल्यासुद्धा मोठ्या वाटतात." मग ईशानला म्हणाले, "आणि पहिल्या पानावर तुमच्या टीमचा एक फोटो टाका. हिला मध्ये उभी करा. अशी मुलगी मध्ये असली की बरं दिसतं. आम्हालाही दाखवायला होतं."

अशी मुलगी.

मी रडले नाही. आतून सगळं बधिर होतं, दात काढण्याआधी हिरडी होते तसं. त्या बधिरपणातच मी उठले आणि टेबलावरचा कागद उचलला.

"हे पान तुम्हाला मिळणार नाही."

ईशान माझ्या वतीने हसला. "सर, ती जरा..."

"दारात बाई होती ती माझी आई आहे," मी म्हणाले. "तिसरी खोली आमची आहे. माणसं परत टाकली तरच हे पान छापायचं. फोटोत मी उभी राहणार नाही."

मग साहेब हसले. "अरे बापरे. आधी नाही का सांगायचं, बाळ? तुझी आई ठेवली असती की. तेवढी एक."

क्षणभर माझ्या मनात आलं, चालेल. खोटं कशाला सांगू, आलं. आई छापून आली असती. तिने कंपनीत नेऊन दाखवलं असतं. मग साडी बदलून आलेल्या मावशी आठवल्या.

"तेवढी एक नको," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

पार्किंगमध्ये ईशानने मला गाठलं. "तुझ्या एकटीमुळे अख्ख्या बॅचचा अंक गेला. कळतंय का तुला?"

कळत होतं. पण अंक गेला नाही. मॅडमनी मला संपादक मंडळातून वगळलं, विषय बदलला, साहेबांची जाहिरात ठेवली. अंक गुळगुळीत कागदावर निघाला. चांगला निघाला, असं सगळे म्हणतात. वर्गात माझ्याशी कामापुरतं बोलतात. घरी आईने त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. तिचा खाडा भरून निघालेला नाही. निघणारही नाही.

पुढच्या वर्षी मी आर्किटेक्ट होईन. नोकरी अशाच एखाद्या ऑफिसात मिळेल, क्लायंट असेच असतील. अनोळखी माणसासमोर मी अजून प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून बघते. मी काही धीट झालेले नाही. पण पत्ता विचारला की आता मी चिखली सांगते, पत्र्याच्या खोल्या सांगते, आडनाव न विचारता सांगते. आणि माझ्या हातून रिकामी खोली पुन्हा बाहेर जाणार नाही. नोकरी गेली तर जाईल. ज्याला रिकामी हवी असेल, त्याने दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं.