पानाखालची काळी पट्टी

विलास कपाशीच्या बांधावर पडला होता आणि शेजारच्या शेतातला माणूस त्याच्या तोंडात मिठाचं पाणी ओतायला निघाला होता. हे मला फोनवर कळलं. विलास माझा मुलगा. शेत मूर्तिजापूरकडे, आणि मी अकोल्याला, प्रेसमध्ये, पुस्तकांच्या घड्या घालत बसलेली. सकाळपासून तो पाठीवर पंप घेऊन किडीचं औषध फवारत होता, कपाशी डोक्याएवढी झाली होती आणि वारा उलटा होता. सून रेखा फोनवर ओरडत होती, "आई, याईच्या तोंडातून फेस येऊन रायला. सारे म्हंतात ओकारी काढा... मी काय करू?" हातातले कागद खाली सांडले. तेवढ्यात कॉम्प्युटरवरची मंगला उठली आणि तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "रेखा, रडजो मंग, आधी आयक. फवारनीचं पुस्तक कुठी हाय? कोठ्यात, खिळ्याले? काढ. कोन्तंबी पान उघड. खाली काळी पट्टी हाय, पांढरी अक्षरं. मोठ्यानं वाच, सगळ्याईले आयकू येईल असं." रेखा वाचू लागली. एकेक शब्द मला ऐकू येत होता. ओकारी काढू नका... तोंडात काही घालू नका... कुशीवर निजवा... कपडे काढून अंग साबणानं धुवा... औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या. मग "व्हा तिकडे, पानी नका देऊ त्याईले!" असा रेखाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मंगलाला ती पट्टी तोंडपाठ होती. ते पुस्तक आमच्याच प्रेसमधलं, त्याची पानं तिनंच कॉम्प्युटरवर लावली होती. मी नंतर विचारलं, मग तूच का सांगितलं नाहीस? म्हणाली, "सुनेनं सांगतलेलं कोनी आयकते का, मावशी? छापलेलं आयकतात."

ही मंगला जाऊन दीड महिना झाला. दुपारी जेवली, हात धुवायला उठली आणि पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय पन्नाशीच्या आसपास. मी सत्तरीच्या पुढची, अजून धडधाकट. याला काही अर्थ नाही, पण असं होतं. मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही शेवटी शेवटी शाळेत कमी आणि निंदणात जास्त. तरी हे मीच लिहावं असं वाटलं, कारण ती काय करत होती हे प्रेसमध्ये धड कुणाला कळलं नाही.

ती तिवशाची. लग्न होऊन अकोल्याला आली आणि प्रेसमध्ये मजकूर लावायला लागली. बाकीचे लोक पान कसं लावायचे ते मी पाहिलेलं होतं. मथळा आला की तो निवडायचा, मोठा करायचा, ठळक करायचा. पुढचा मथळा आला की पुन्हा तेच, अंदाजानं. काम पटकन दिसायचं, पण एका पुस्तकात चार तऱ्हेचे मथळे निघायचे. मंगला तसं करायची नाही. ती आधी प्रत्येक प्रकारच्या मजकुराला एक नाव द्यायची. त्याला स्टाईल म्हणतात. अक्षर केवढं, ठळक की बारीक, वर-खाली जागा किती, हे एकदाच त्या नावावर ठरवायचं आणि मग मजकुराला नुसतं नाव लावायचं. नावावरचं रूप बदललं की पुस्तकभर बदलतं. नावंही तिची स्वतःची. मोठा मथळा सासू, पोटमथळा सून, साधा मजकूर लेकरं. धोक्याची सूचना जावई, कारण जावई दारात आला की घरातलं आंधळं माणूससुद्धा उठून उभं राहतं. सुनेचं रूप तिनं सासूवरून घेतलेलं असायचं. सासूचं अक्षर बदललं की सुनेचं आपोआप बदलायचं. हे ती मला दाखवायची आणि हसायची. "सासूनं लुगडं बदललं का सून बी बदलते. हे फक्त कॉम्प्युटरातच होते, मावशी." मी म्हटलं, "माह्या घरी उलटं हाय." तर म्हणे, "तुमच्या घरची फाईल खराब हाय!"

तिची आणखी एक रीत होती. पुस्तकाचं पहिलं छापील पान ती वाचायला माझ्याकडे आणायची नाही, बघायला आणायची. "मावशी, चष्मा नका लावू. याच्यात भेव कोन्तं हाय, बोट ठेवा." धोक्याची सूचना वाटेल तिथे मी बोट ठेवायची. माझ्यासारखी माणसं वाचत नाहीत, तोंडावळा ओळखतात. बाजारात आपली गाय ओळखतो तसं. एकच गोष्ट दर पानावर वेगळं तोंड घेऊन आली की आम्ही गडबडतो. हे शिकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही, तो वाचून सावरून घेतो. मंगलाच्या लक्षात आलं होतं. मी बोट चुकीच्या जागी ठेवलं तर ती पान परत न्यायची.

फवारणीचं ते पुस्तक शेतकऱ्यांच्या एका गटानं छापायला दिलं होतं. पानं कमी करा असा त्यांचा निरोप आला त्या दिवशी मंगला रजेवर होती. प्रेसचे मालक स्वतः बसले आणि त्यांनी हातानंच एकेक पान दाबून बसवलं. कुठे अक्षर बारीक केलं, कुठे पट्टी काढून टाकली, कुठे धोक्याची ओळ मधेच ठळक करून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मंगला आली, पानं पाहिली आणि म्हणाली, "ही फाईल मी छापाले देत नाई."

मालक चिडले. "अवं बाई, हे वाचनार कोन हाय? टांगून ठेवतात खिळ्याले."

"वाचनार नाईत म्हनूनच तं!" तिनं मला हाक मारली आणि सगळ्यांसमोर एक पान माझ्यापुढे धरलं. मी बोट ठेवलं. ते निघालं खत कधी द्यावं त्याच्या चौकटीवर. मशीनवाले हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. मंगला हसली नाही. "तुमचं काईच नाई चुकलं, मावशी. पान चुकलं," म्हणाली. मालक बाहेर निघून गेले.

ती दुपारभर उठली नाही. हातानं केलेलं सगळं पुसून प्रत्येक ओळीला पुन्हा तिचं-तिचं नाव लावलं. मग लेकरांच्या ओळी जराशा जवळ सरकवल्या, दोन चित्रं लहान केली. पानं मालकांना हवी होती तितकीच भरली. "लेकरं अंग चोरून बसवली," म्हणाली, "जावयाले हात नाई लावला." धोक्याची पट्टी दर पानावर तळाशी, त्याच काळ्या रंगात, त्याच जागी. संध्याकाळी पानं माझ्यापुढे आली. या वेळी बोट बरोबर पडलं, दहाच्या दहा पानांवर. छापून झाल्यावर मीच त्या पुस्तकांच्या घड्या घातल्या. एक प्रत तिरपी कापली गेली होती, ती घरी नेली. रेखानं ती शेतातल्या कोठ्यात, म्हणजे बैलांच्या गोठ्यात, खिळ्याला अडकवली.

मंगलाशी माझं भांडणही पुष्कळ झालं. ती हट्टी होती, चहा फुळकवणी करायची, आणि माझ्या घड्या वाकड्या आहेत असं लोकांसमोर म्हणायची. त्या वाकड्या नव्हत्या. पण विलासला आणलं त्या दिवशी दवाखान्यात ती माझ्यासोबत बसून होती, आणि मी तिला एकदाही बरं म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले की शुद्ध नसताना पाणी पाजलं असतं तर ते छातीत गेलं असतं. मी नुसती मान हलवली. तिनंही काही म्हणवून घेतलं नाही. उपकार मानायचे राहिले ते हे असे आता मानते आहे... उशिरा, आणि दुसऱ्यांसमोर.

तिला मुलगा नव्हता, एक मुलगी. तिरडी उचलायला मालक आले होते, मशीनवाले आले होते. पुढच्या डाव्या बाजूला खांदा विलासनं दिला. तो जगला.