एकदा दिलेला कौल

लाज गिळून सांगते. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला आम्ही गोडदेव गावात राहायला आलो, तेव्हा माझा नवऱ्यावरचा आणि देवीवरचाही विश्वास दिवसातून दहादा यायचा नि जायचा. ह्यांनी जवळ घेतलं की वाटायचं, माझ्यासारखी सुखी मीच. दमून कूस बदलली की संपलंच! मी नकोशी झाले, हे मला टाकणार. मग मन नसतानाही मीच लगट करायची, कारण शरीराची जवळीक हाच मला पुरावा वाटायचा. आणि तो मिळाला तरी सकाळी त्याच माणसाला नाही नाही ते बोलायची. एकदा रागात स्वतःलाच इजा करून घेतली. शेवटी ह्यांनी बॅग भरली. “आता माझ्यात त्राण नाही गं,” म्हणाले आणि भावाकडे निघून गेले.

माझं माहेर कोकणातलं, कौलाशिवाय आमचं पान हलत नाही. शेजारच्या खारी गावातल्या एका लहानशा देवळात पुजारी देवीला ओल्या कळ्या लावून कौल घेत. उजवीकडची कळी आधी पडली की होकार. हे माझे राहतील ना, एवढंच मी विचारायची. तीन मंगळवार उजवीच पडली होती, तरी मी चौथ्यांदा गेले. पुजारी नव्हते. एक अनोळखी म्हातारी वाती वळत बसली होती. तिने विचारलं आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, अगदी अंथरुणातलंसुद्धा.

ती हसली नाही. “देवीनी सांगितला ना एकदा? मंग पुना पुना कशाला इचारतेस? इस्वास न्हाय त कितीबी कौल लाव, तुजा मन भरनार न्हाय. नवऱ्यालाबी असाच इचारतेस ना?”

अस्सा राग आला! हिला काय कळतंय माझं दुःख? पण पाय उचलेना. पायरीवर बसून पोटभर रडले आणि कौल न लावताच घरी आले.

तिसऱ्या दिवशी हे उरलेले कपडे न्यायला आले. गळ्यात पडावं, आत्ताच्या आत्ता ह्यांना आपलंसं करून घ्यावं, असं अंगभर वाटत होतं. मनात देवीला म्हटलं, आई, तू सांगितलंयस, आता मला धर. चहा ठेवला, थोडी लांब बसले. “अहो, मला काहीतरी होतंय. डॉक्टरांकडे न्याल का?”

ह्यांनी हातातले कपडे बाजूला ठेवले. मग आपणहून सरकून माझ्याजवळ बसले. मी मागितलं नव्हतं.

मनाच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. उपचार कैक वर्षं चालले. ती म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही, नुसते हात जोडते. हे मला टाकतील ही भीती अजून येते हो. तेव्हा जीभ आवरते आणि देवीला म्हणते, तुझं उत्तर मला पोचलंय.