सांडू खानच्या नावाचा रिपोर्ट

शौकतभाई बावीस वर्षं लोकांचं रक्त काढत आले होते. रोज सकाळी स्कूटरला थंड डबा बांधायचा आणि लॅबसाठी गारखेड्यातली घरं फिरायची. कुणाची शीर कोपरात सापडते, कुणाची मनगटावर, हे त्यांना माणसाच्या नावाआधी आठवायचं. स्वतःला चौदा वर्षांची शुगर होती, पण गोळी घेतली की विषय संपला, असा त्यांचा खाक्या.

मार्चमध्ये लॅबमध्ये नवी तपासणी आली. शुगरवाल्याचं हृदय आतून थकू लागलं, की छातीत कळ यायच्या कितीतरी आधी रक्तात एक प्रथिन वाढतं, ते मोजायचं. पहिल्या दिवशी यंत्र चालवून बघायला नमुना हवा होता. शौकतभाईंनी हसत बाही वर केली.

आकडा सव्वाशेच्या आत हवा. आला आठशे चाळीस.

"नळी बदलली असंल," ते म्हणाले.

लॅबच्या डॉक्टर मंजुषा यांनी दुसरी नळी लावली. आठशे बावन्न.

"शौकतभाई, आजच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

"मॅडम, मला दम नाय लागत, छाती नाय दुखत. तीन जिने चढतो मी."

"म्हणूनच म्हणतेय. अजून वेळ आहे."

ते गेले नाहीत. आठवड्यानं दुसऱ्या लॅबमध्ये 'सांडू खान' या खोट्या नावानं रक्त देऊन आले. आकडा नऊशेच्या पुढं होता. तो कागद त्यांनी स्कूटरच्या डिकीत कोंबला. घरी चकार शब्द काढला नाही.

त्यांच्या फेरीत पुंजाराम होता. वाळूजच्या कारखान्यात कामाला, पैलवानासारखा गडी, पण त्यालाही शुगर. त्याचा आकडा सातशे. रिपोर्ट हातात घेऊन तो हसला होता, "मशीनला काय कळतंय, भाई?" शौकतभाईही हसले होते. त्यांना ते हसणं हवंच होतं.

जूनमध्ये ते पुन्हा त्याचं रक्त घ्यायला गेले, तर दारात चपलांचा ढीग. आत पुंजारामची आई मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"कंपनीच्या बसमधी चढता चढता पडला, त्यो उठलाच नाय," शेजारी कुजबुजला. "कालपरेंत लई चांगला होता."

शौकतभाई बाहेर येऊन स्कूटरवर बसले. पँट जरा वर केली. मोज्याचा वळ नडगीत खोल रुतला होता. महिनाभर रोज दिसत होता. मोजे घट्ट आहेत म्हणून ते सोडून देत होते. अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला, तो भरून येईना. हृदय थकलं की पायांत असंच पाणी उतरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

घरी जाऊन त्यांनी बायकोसमोर, शकीलासमोर, डिकीतला कागद ठेवला. तिनं वाचला.

"ये सांडू खान कौन है जी?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. शकीलानं बुरखा चढवला. "चलो. अभी."

हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, हृदय निम्म्यानंच काम करत होतं. डॉक्टर म्हणाले, "मार्चमध्ये आला असतात तर..." आणि गोळ्या लिहू लागले.

सप्टेंबरात आकडा सहाशेवर आला. "उतरतोय," मंजुषा म्हणाल्या.

"सव्वाशे कधी होईल, मॅडम?"

त्या स्क्रीनकडं वळल्या. "गोळ्या चुकवू नका."

शौकतभाई अजून फेरी करतात. तळमजल्यावरचीच घरं घेतात. आकडा मोठा असला, तर त्या माणसाला स्कूटरवर मागं बसवून थेट दवाखान्यात नेतात. कधी वाटेत स्कूटर बाजूला घेतात आणि छातीवर हात ठेवून, आत काहीतरी ऐकत असल्यासारखे, नुसते उभे राहतात.