गाण्याच्या चालीने उतरणारा पाट

"मना उचलून नेव्याचा नय. आथाच सांगून ठेवतय, श्रीपत. मी माझ्या बुडावर जाईन."

"बुडावरच जा रे बाबा! पन बुडाखाली चाकं कुठली घालू, ते तर सांग. सकाळधरनं नुसता बूड बूड लावलाय."

व्हॅलेरियन अंगणात बसला होता, पुढ्यात विड्याच्या पानांचा ढीग. बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. कोवळं पान इकडे, जून तिकडे, डागाळलेलं मागे. लहानपणी तापात त्याचे पाय गेले ते गेलेच. कंबरेच्या वर मात्र गडी बैलासारखा. फणसाच्या फळीचा एक पाट, त्याला खाली चार लाकडी चाकं, दोन्ही हातांत दोन ठोकळे. ठोकळ्यांनी जमीन मागे ढकलत तो पानवेलीच्या वाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. गाव त्याला व्हॅलूचा पाट म्हणायचं.

सपाटीला तो पाट पुरायचा. अडचण होती उताराची.

ब्याऐंशी साल होतं आणि इझाबेलचं लग्न ठरलं होतं. ही त्याच्या बहिणीची, अँजेलिनाची पोर. अँजेलिना गेली तेव्हा इझाबेल रांगत होती, आणि घरात दुसरा रांगणारा हाच. दोघं एकाच उंचीवरून जग बघत वाढली, असं म्हटलं तरी चालेल. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या आळीत वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायची रीत आहे. नवरीही सोबत चालते. बँडच्या मागोमाग, सगळ्यांच्या पुढे नवरीचा मामा, त्याच्याकडे नारळ. तो नारळ त्याने विहिरीला द्यायचा, मग घागर बुडवायची. आळी डोंगरीवर आणि विहीर पायथ्याला, मध्ये जांभ्याच्या दगडगोट्यांची वाट आणि फ्लॉसीमावशीच्या घराशी एक आडवं वळण.

अँजेलिनाच्या लग्नात व्हॅलेरियनला शेजारच्या थॉमसने पानांच्या करंडीत बसवून खांद्यावरून खाली नेलं होतं. कुणीतरी ओरडलं, "आली रे पानं, उतरवून घ्या!" सगळे हसले, व्हॅलेरियनही हसला. पण पुढे बरेच दिवस त्याने करंडीला हात लावला नव्हता. म्हणून यंदा करंडी नको होती.

श्रीपत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. स्टेशनाच्या पूर्वेला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात फिटर होता. त्याने भंगारातून चार लोखंडी बेअरिंगं आणली, ग्रीस भरलं, एक चाक बोटाने फिरवून दाखवलं. ते फिरतच राहिलं.

"बघ कसं पळतंय!"

पळालं खरं. खर्रर्र करत पाट सुटला आणि वळणावर वळलाच नाही. लोखंडाने जांभ्यावर धरच घेतली नाही. व्हॅलेरियन थेट फ्लॉसीमावशीच्या जास्वंदीच्या वईत, म्हणजे कुंपणात शिरला. मावशी हातात पळी घेऊनच बाहेर आली.

"कोन मेला गो?"

"अजून कोन नय, मावशे."

दुसऱ्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपली आणि श्रीपत पुन्हा हजर. आता त्याच्याकडे मोडक्या ढकलगाडीची दोन रबरी चाकं होती. ती पुढे लावली, मागे लोखंडी ठेवली. वळणावर पुढच्यांनी धर घेतली, मागची घसरली, पाट गर्रकन फिरला आणि व्हॅलेरियन डोंगरीकडे तोंड करून उलटा उतरू लागला.

"नारळ घेऊन असा गेलास," श्रीपत पोट धरून म्हणाला, "तर विहिरीला वाटंल, मामा रुसून परत चाललाय!"

"हसून झाला काय तुझा? रबरं माघारी घाल. बूड जड हाय, धर तिकडं पायजे."

तसंच केलं. रबर मागे, लोखंड पुढे. आता पाट फिरेना. पुढचा आस एका जाड बोल्टवर होता, म्हणजे ज्या अंगाला झुकू त्या अंगाला पाट वळावा. पण बोल्ट घट्ट आवळला की तो वळेना, आणि सैल सोडला की बकरीच्या शेपटीसारखा हलायचा. श्रीपत म्हणाला, मध्ये रबराचा तुकडा हवा, चपलेच्या तळाचा, म्हणजे दाबला की दबेल आणि सोडला की सरळ होईल.

त्या घरात चपला घालणारी एकच. इझाबेल आतून आपली एक चप्पल घेऊन आली आणि श्रीपतच्या हातात दिली.

"चांगली हाय की गो ही," व्हॅलेरियन म्हणाला.

"मना लग्नात नवीन घेतात, मामा. काप तू."

तुकडा बसला. वळणही साधलं. श्रीपतने विडी पेटवली, आता झालंच म्हणाला. तेवढ्यात वईआडून फ्लॉसीमावशी आली. पाण्याची गाणी सांगणारी तीच. ती एक ओळ म्हणायची आणि मागून बाकीच्या बाया ती उचलायच्या.

"ऐक रे व्हॅलू. तुझी ही चक्की पुढं घरघरली तर माझा गानं कोन ऐकंल? आनी तू असा सुटलास तर आमी म्हाताऱ्यांनी लुगडी वर करून तुझ्या मागनं धावव्याचा काय?"

व्हॅलेरियनने पाट तिच्याकडे वळवला. इतके दिवस तो न पडता खाली कसं पोचायचं एवढंच बघत होता. आपल्या मागून वरात चालणार आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गा मावशे," तो म्हणाला. "गात गात उतर. मी बाजूनं येतय."

मावशी गात उतरली. तिची चाल संथ, ओळीच्या शेवटी पाऊल थांबायचं, दम घेऊन पुढे पडायचं. पाट पहिल्याच ओळीत तिला टाकून पुढे गेला. पुन्हा वर, पुन्हा गाणं. लोखंड काढलं आणि पुढे जुनीच लाकडी चाकं बसवली, वर सायकलच्या ट्यूबचे वेढे. ती जड चालायची, कुरकुर न करता मागे ओढायची. श्रीपत वैतागला.

"लोक गाडी पळावी म्हनून ग्रीस घालतात. तू पळू नये म्हनून माझी बेअरिंगं काढतोस!"

"मना पोचव्याचा हाय, श्रीपत. सुटव्याचा नय."

शेवटी पाट ओळीच्या चालीनेच उतरू लागला. मावशीचा घसा बसला, पण तिने आणखी एकदा गाऊन खात्री केली.

पाण्याच्या दिवशी बँडवाले पुढे लागले. व्हॅलेरियनने पांढरा शर्ट घातला होता, नारळ मांडीत, हातांत ठोकळे. पाट गाण्यासोबत उतरत होता, ना पुढे ना मागे. वळणावर मात्र बँड जागीच थांबून वाजवू लागला आणि पोरीबाळी नाचायला लागल्या. हे कुणी धरलंच नव्हतं. थांबायची तालीम कुठे झाली होती? पाट घसरू लागला. ठोकळे रोवले तर दोन्ही हात गुंतले, आणि मांडीतला नारळ कडेला कलंडला. मागून थॉमसचा आवाज आला, "करंडी आनू काय रे?"

व्हॅलेरियनची मान ताठ झाली. एवढ्यात एक पाय पुढच्या चाकाला अडून उभा राहिला. कोरी चप्पल, नखांना लाल रंग. इझाबेलने खाली पाहिलंसुद्धा नाही. पाय तसाच ठेवून ती बँडच्या तालावर टाळ्या वाजवत राहिली, जणू नाचताना नवरीचं पाऊल तिथेच पडायचं असतं. व्हॅलेरियनने एक ठोकळा सोडला आणि नारळ सरळ केला. बँड हलला, तेव्हा पाय निघाला.

विहिरीच्या काठाला बसून त्याने आपल्या हाताने नारळ सोडला. फ्लॉसीमावशीने घागर बुडवली.

परतताना थॉमस खांदा द्यायला वाकला. इझाबेलने पाटाला दोरी बांधून ती आधीच मनगटाला गुंडाळली होती.

"उतार मामाचा झाला. चढ माझा."

"नवरी हायस गो, साडी मळंल."

"मळूदे. तू ठोकळे मार, नायतर मना एकटीला जड होशील."

वर मांडवात पोचेपर्यंत दोघंही घामाने निथळले होते. दोघांच्या पुढ्यात सरबत आलं. व्हॅलेरियनने पेला एका दमात रिकामा केला आणि पाट अंगणाच्या कडेला वळवला. तिथे ओल्या गोणपाटाखाली सकाळची तोड पडून होती. पानांना लग्न कळत नाही. संध्याकाळच्या गाडीआधी करंड्या स्टेशनात जायला हव्या होत्या.

"आज तरी राहूदे रे," श्रीपत म्हणाला.

"बस हितं. आनी तो पुढचा बोल्ट जरा ढिला कर, वाडीत वळव्याला जड जातंय." त्याने एक पान उचललं, उजेडाला धरलं आणि कोवळ्यात टाकलं.